साबण अर्धा, पाणी अर्धं

वरणाचा शिंतोडा पांढऱ्या शर्टावर उडतो. धुताना त्यावर साबण घासला की पिवळा डाग डोळ्यांदेखत लाल होतो, आणि भरपूर पाण्यात हिसळला की परत पिवळा. धुणं धुणाऱ्या प्रत्येकानं हे शेकडो वेळा पाहिलेलं असतं. मुरगळलेल्या पायाला हळद-चुन्याचा लेप लावतानाही हळद अशीच लाल होते. चुना अल्कली आहे, म्हणजे आम्लाच्या उलट स्वभावाचा, साबणही अल्कली आहे, आणि हळदीला अल्कली भेटली की ती रंग बदलून तसं सांगते. साबणाबद्दल मला जे सांगायचं आहे त्याचं मूळ या डागात आहे.

अमरावती जिल्ह्यात दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावात आम्ही बचत गटाच्या बायका मिळून गेली काही वर्षं साबण करतो. जत्रेत पाल ठोकून बसलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. "ताई, यात केमिकल नाही ना?" "यानं पोराचं गजकर्ण जाईल का?" आणि मागच्या वर्षी साबण नेलेली एखादी काकू येऊन म्हणते, "काहून वो बाई, तुमचा साबन आमच्या घरी फेसच नाही करत!" तिन्ही प्रश्न रास्त आहेत. उभ्या उभ्या उत्तर देता येत नाही, म्हणून इथे सविस्तर लिहिते.

केमिकल आहे का?

आहे. तेल आणि कॉस्टिक सोडा एकत्र आले की साबण आणि ग्लिसरीन तयार होतं. वडी कारखान्यातली असो की आमच्या ओसरीवरची, साबण व्हायला दुसरा रस्ता नाही. तेलाचा कण म्हणजे ग्लिसरीनच्या एका आडव्या काठीला बांधलेले मेदाम्लाचे तीन लांब दोर, असं समजा. कॉस्टिक त्या गाठी सोडवतं. सुटलेला एकेक दोर कॉस्टिकमधलं सोडियम धरून बसतो आणि साबणाचा कण होतो. काठी मोकळी होते, ते ग्लिसरीन.

साबणाच्या कणाचं सोडियमकडचं टोक पाण्यात रमतं आणि लांब शेपटी तेलात घुसते. अंगावरचा मळ घाम, धूळ आणि तेलाचा मिळून झालेला असतो, आणि नुसत्या पाण्याला तेल धरता येत नाही. साबणाच्या शेपट्या त्या तेलात शिरतात, टोकं पाण्याकडे तोंड करून बाहेर राहतात, आणि मळ सुटून पाण्यासोबत वाहून जातो. करोनाच्या विषाणूचं वरचं वेष्टन मेदाचं असतं, म्हणून साधा साबणही त्याला फोडू शकतो. जंतुनाशक म्हणून विकल्या जाणाऱ्या साबणांचं म्हणाल, तर अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१६ साली ट्रायक्लोसॅनसह १९ द्रव्यं घातलेल्या धुण्याच्या उत्पादनांवर बंदी आणली, कारण ती साध्या साबण-पाण्यापेक्षा चांगली आहेत हे कंपन्यांना दाखवता आलं नाही.

तेव्हा विचारायचं ते कॉस्टिक घातलं का हे नाही, वडीत उरलं का हे. ते मोजमापावर ठरतं. १०० ग्रॅम खोबरेलाला सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक लागतं, सरकीच्या तेलाला पावणेचौदाच्या आसपास, एरंडेलाला पावणेतेरा. आम्ही या हिशोबापेक्षा ५ टक्के कॉस्टिक कमीच घालतो, म्हणजे सगळं कॉस्टिक संपतं आणि थोडं तेल मागे राहतं. आता समजा, अर्धा किलो खोबरेलाच्या कृतीत ८७ ग्रॅम कॉस्टिक लिहिलेलं आहे. खोबरेल महागलं म्हणून कुणी तेवढंच सरकीचं तेल घातलं, तर त्याला ६९ ग्रॅमच लागेल आणि सुमारे १८ ग्रॅम कॉस्टिक वडीत मोकळं राहील. दिसायला वडी छान गुळगुळीत दिसेल, आणि अंगाची आग करील. मोबाइलवर पाहून वाटी-चमच्याच्या मापानं साबण करणाऱ्यांची मला म्हणूनच फार काळजी वाटते. ग्रॅम दाखवणारा काटा नसेल तर साबण करू नये.

आमच्याकडे साबणाचा दिवस असा असतो. सकाळीच लेकरं शेजारी पाठवायची, कोंबड्या कोंडायच्या. डोळ्यांवर चष्मा, हातात कोपरापर्यंत रबरी मोजे. गंज, म्हणजे पातेलं, स्टीलचा, जर्मनचा कधीच नाही. जर्मन म्हणजे अॅल्युमिनियम, आणि कॉस्टिकचं पाणी अॅल्युमिनियम खातं, त्यातून हायड्रोजन वायू निघतो. आधी पाणी, मग त्यात थोडं थोडं कॉस्टिक. उलट केलं, म्हणजे कॉस्टिकवर पाणी ओतलं, तर ते उसळून तोंडावर येऊ शकतं. चुलीशिवाय ते पाणी ८०-९० अंशांपर्यंत तापतं आणि नाकात झोंबणारी वाफ निघते, म्हणून काम अंगणात, वाऱ्याकडे पाठ करून. निवून कोमट झालं की कोमट तेलात ओतायचं आणि घुसळायचं. थोड्या वेळानं मिश्रण पातळ पिठल्यासारखं होतं, आणि पळीतून पडलेल्या धारेची रेघ वर क्षणभर राहते. ती रेघ दिसली की हात थांबवायचा, साच्यात ओतायचं, वरून गोधडी टाकायची. चुकून थेंब अंगावर उडालाच तर लिंबू-व्हिनेगर शोधत बसू नये. वाहत्या पाण्याखाली बराच वेळ धुवावं, आणि डोळ्यात गेला तर धुता धुताच दवाखाना गाठावा.

एक-दोन दिवसांनी वड्या कापतो आणि हवेशीर फळीवर ४ ते ६ आठवडे ठेवतो. या काळात पाणी उडतं, वडी कडक आणि सौम्य होते, न्हाणीत लवकर विरघळत नाही.

तेल कोणतं, यावर वडीचा स्वभाव ठरतो. खोबरेलानं फेस भरभर येतो, पण जास्त झालं तर कातडी ओढल्यासारखी होते. एरंडेल फेस टिकवून धरतं. पूर्वेकडे गडचिरोली-चंद्रपूरच्या बाजूला मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल मिळतं, ते थंडीत थिजतं आणि वडीला कडकपणा देतं. जवस मात्र फसवतं. पहिल्या वर्षी घरचं जवस म्हणून मी हौसेनं निम्मं तेल तेच घातलं. दोन महिन्यांत वड्यांवर नारिंगी ठिपके उठले आणि खवट वास सुटला. अख्खा घाणा उकिरड्यावर गेला. जवसाच्या तेलात निम्म्याच्या आसपास अल्फा-लिनोलेनिक आम्ल असतं, आणि ते हवेशी फार लवकर बिघडतं. खायला गुणाचं, साबणाला नाही.

वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम सुरू झालं, आणि पुढे खादी-ग्रामोद्योगानं कडुनिंब, करंज अशा खाण्यात न येणाऱ्या तेलांचा साबण खेड्यात नेला. निंबोळ्या झाडाखाली सडून जातात आणि आपण पामतेलाच्या वड्या विकत आणतो, याचं मला आजही वाईट वाटतं.

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. प्रशिक्षणात पुष्कळदा शिकवतात तो साबण करणं नसतं, वितळवणं असतं. 'सोप बेस' नावाची तयार लादी आणायची, वितळवायची, रंग-वास घालायचा, साच्यात ओतायची. त्यात वाईट काही नाही आणि कॉस्टिकचा धोकाही नाही. पण लादी कारखान्यातलीच असते, आणि तिच्यात काय आहे ते तिच्या वेष्टनावर वाचावं लागतं. हातानं ओतलेली वडी म्हणजे घाण्याच्या तेलाची वडी नव्हे. आणि यातली कोणतीही वडी विकायची असेल तर सौंदर्यप्रसाधन म्हणून परवाना लागतो.

दुकानातली वडी घेताना वेष्टनावर दोन गोष्टी पाहा. 'टॉयलेट सोप' लिहिलं असेल तर भारतीय मानकाप्रमाणे पहिल्या प्रतीत निदान ७६ टक्के टीएफएम, म्हणजे साबणातला एकूण मेद, असतो. दुसरीत ७०, तिसरीत ६०. 'बेदिंग बार' लिहिलं असेल तर मेद याहून बराच कमी चालतो. घरी तपासायला हळद आहेच. ओल्या हळदीच्या बोटानं वडीवर रेघ ओढा. लाल झाली तर साबण आहे. पिवळीच राहिली तर ती सिंडेट, म्हणजे साबण नसलेली कृत्रिम द्रव्यांची वडी. कृत्रिम ऐकून नाक मुरडू नका. तिचं काम पुढे येतं.

काकूंच्या घरी फेस का होत नाही

हा प्रश्न मला सगळ्यात जवळचा, कारण वर्षभर आम्हीही त्याच पाण्यात साबण वापरतो. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, शेगाव हा आमचा भाग. विहिरीचं, बोअरचं पाणी तोंडात धरवत नाही. पट्ट्याबाहेरही काळ्या खडकातून आलेलं हापशीचं पाणी बहुतेक ठिकाणी जड असतं. ओळखायची खूण सोपी आहे: ज्या पाण्यात तुरीची डाळ शिजता शिजत नाही, आणि ज्याच्या गंजाला आतून पांढरी खपली धरते, ते जड पाणी.

जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असतं. साबणाचा कण सोडियम सोडून त्यांना धरतो, आणि त्यातून न विरघळणारा पांढरट चोथा तयार होतो. बादलीच्या कडेला साचतो, केसांना राठ करतो, पांढरा शर्ट मळकट करतो, तो हाच. सगळं कॅल्शियम असं अडकल्यावरच फेस सुरू होतो, म्हणजे अर्धा साबण मळाला हात लावण्याआधीच खर्च झालेला असतो. खारपाणपट्ट्यात यावर मिठाची भर. मिठाच्या पाण्यात साबण नीट विरघळत नाही. कारखान्यात साबण वेगळा काढायला मीठच घालतात.

एकदा स्वतः करून बघा. दोन पारदर्शक बाटल्या घ्या, एकीत पावसाचं पाणी, दुसरीत हापशीचं. दोन्हीत नखाएवढा साबणाचा चुरा टाका आणि सारखंच हलवा. पावसाच्या बाटलीत फेस गळ्यापर्यंत येतो. दुसरीत पाणी दुधाळ होतं आणि वर चिकट साय धरते. वडी तीच असते. जत्रेतल्या काकूंना मी हे दाखवलं तेव्हा त्या बराच वेळ बाटल्यांकडे पाहत राहिल्या आणि मग म्हणाल्या, "म्हंजे साबन अर्धा, पानी अर्धं." याहून नेमकं मला सांगता येत नाही.

उपाय आपल्या मागच्या पिढ्यांकडे होता. परीट भट्टीत खारी माती वापरायचे, घरी राखेच्या निवळीत कपडे भिजायचे. त्या खारात आणि राखेत कार्बोनेट असतं, ते कॅल्शियमला खडूसारखं खाली बसवतं. आज तेच काम धुण्याचा सोडा करतो. बादलीत एक-दोन चमचे सोडा, दहा मिनिटं थांबा, मग साबण. हा कपड्यांसाठीच, अंगाला तो फार तीव्र. आंघोळीला साठवलेलं पावसाचं पाणी उत्तम, निदान शेवटच्या दोन तांब्यांना तरी. पाणी उकळून गाळ बसू दिला तरी जडपणाचा काही भाग जातो. खारेपणा मात्र उकळून जात नाही. आमच्या पट्ट्यासाठी आम्ही खोबरेल जास्त असलेली वडी करतो, कारण तिला खाऱ्या पाण्यातही फेस येतो.

आणि रिठा. रिठ्यात सॅपोनिन नावाचं फेस करणारं द्रव्य असतं, ते साबणासारखं मेदाम्लाचं नाही, म्हणून त्याचा जड पाण्यात चोथा होत नाही. हळदही त्याला लाल होत नाही. केसांना, लोकरीला, रेशमी लुगड्याला रिठा आजही साबणापेक्षा सरस. डोळ्यात गेला तर मात्र खूप झोंबतो.

कातडीला काय हवं असतं

निरोगी कातडीचा वरचा थर थोडा आंबट असतो, पीएच (आंबटपणाचं माप; ७ च्या खाली आंबट, वर अल्कली) साधारण साडेचार ते साडेपाच. साबणाचा ९ ते १०. थराची रचना मातीच्या भिंतीसारखी समजा: मेलेल्या पेशींच्या विटा आणि मधे मेदाचा गारा. साबण मळाचं तेल नेतो तसा थोडा गाराही नेतो. निरोगी माणसाची कातडी काही तासांत सावरते. पण दिवसातून दोनदा, कढत पाण्यानं, दगडानं रगडून, सगळ्या अंगाला साबण लावला, तर हिवाळ्यात पिंडऱ्या उलतात आणि खाज सुटते. त्यात जड पाण्याचा चोथा अंगावरच वाळला तर खाज आणखी.

घरच्या वडीत तेल आणि ग्लिसरीन राहतं, त्यामुळे ती कमी कोरडं करते. तरी ती साबणच आहे, हळदीला लालच करते. काखा, जांघा, पाय, हात इथे रोज साबण हवा. बाकी अंगाला एक दिवसाआड चालतो. वाळलेल्या घोसाळ्याची जाळी असेल तर हलक्या हातानं. पुसल्या पुसल्या ओलसर अंगावर दोन थेंब खोबरेल. इसब असलेल्यांना, फार कोरड्या कातडीच्या म्हाताऱ्या माणसांना माझी वडी मी विकत नाही. त्यांना सिंडेटच बरी. बाळाला जन्मल्यापासून निदान २४ तास आंघोळ घालू नये असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्यानंतरही डाळीच्या पिठानं लव निघेपर्यंत रगडणं थांबवायला हवं. एवढी पातळ कातडी सोलली जाते आणि आपण त्याला निगा म्हणतो.

आता गजकर्ण. कडुनिंबाच्या साबणानं ते जात नाही. गजकर्ण ही बुरशी आहे, ती कातडीच्या थरात असते, आणि वडी अंगावर असते मिनिटभर. गेल्या काही वर्षांत देशभर गजकर्ण फार हट्टी झालंय. त्याचं एक मोठं कारण म्हणजे दुकानातून न विचारता आणलेली, स्टेरॉइड मिसळलेली मलमं. चार दिवस खाज थांबते, लाली जाते, आणि बुरशी खालून पसरत राहते. डॉक्टरांनी दिलेलं औषध सांगितले तितके आठवडे, ज्याला ज्याला झालंय त्या घरातल्या सगळ्यांना एकाच वेळी, टॉवेल वेगळे, आतले कपडे उन्हात कडक वाळवलेले. खरजेचंही असंच. रोग बरा होतो असं साबणावर लिहून विकणं कायद्यातही बसत नाही, आणि उपचाराला उशीर झाला तर तो आपल्या माथी येतो.

एका कामाला मात्र साबण कोणता हा विचारच करू नये. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. बरीच कीटकनाशकं नाकातोंडातून जातात तशीच कातडीतूनही आत जातात. फवारणी संपली की घरी पोहोचण्याची वाट पाहू नये; धुऱ्यावरच, म्हणजे शेताच्या बांधावरच, कपडे बदलावे, आणि जो साबण हाताशी असेल त्यानं गार पाण्यात भरपूर धुवावं, केसांपासून नखांपर्यंत. कढत पाणी नको, जोरात रगडणंही नको, दोन्हींनी विष आत जायला वाट मिळते. ते कपडे घरच्या धुण्यात मिसळू नये, डिटर्जंटनं वेगळे धुवावे. आणि धुणाऱ्या बाईच्या हातात मोजे हवेतच. फवारणाऱ्याची चर्चा होते, त्याचे कपडे धुणारीची होत नाही.

धुतलेलं पाणी कुठे जातं

माती-पाण्यातले जंतू साबणाला खाऊन संपवतात, आणि डिटर्जंटच्या मानानं तो लवकर विघटन पावतो, हे खरं आहे. फॉस्फेट घातलेल्या डिटर्जंटचं पाणी तळ्यात गेलं की शेवाळ फोफावतं, पाण्यातला प्राणवायू घटतो. त्या मानानं साबण बरा. पण नैसर्गिक म्हणून तो थेट नाल्यात सोडायचा का? मावा पडला की आपण वांग्यांवर साबणाचं पाणी मारतो आणि मावा मरतो. तोच साबण डोहातल्या किड्यांना, बेडकांच्या पिलांना सोडत नाही. रिठ्याचं सॅपोनिनही माशांना घातक आहे. अंग नाल्यातल्या पाण्यानं धुवा, पण काठापासून लांब बसून, म्हणजे पाणी मातीतून गाळून जाईल.

आणि माती आपली काळी कसदार. इथे बाहेरगावचा सल्ला जसाच्या तसा चालत नाही. साबणातलं सोडियम मातीत साचतं. काळ्या मातीतल्या चिकणमातीला सोडियम जास्त झालं की तिचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, पाऊस वरच तुंबतो आणि वाळल्यावर वर कडक पापडी येते. खारपाणपट्ट्यातल्या जमिनीत सोडियम आधीच जास्त, त्यात न्हाणीचं पाणी रोज एकाच वाफ्यात सोडलं तर दोन-तीन वर्षांत तिथे काही उगवेनासं होतं. आमच्या घरामागे तसा एक तुकडा आहे. मिरची लावून पाहिली, अळू लावून पाहिला, दोन्ही पिवळे पडून गेले.

आता कपड्यांचं पहिलं, साबणाचं आणि सोड्याचं पाणी आम्ही शोषखड्ड्यात सोडतो. हिसळलेलं दुसरं-तिसरं पाणी केळीला, आणि तेही आळीपाळीनं, एका आळ्यात आठवड्यातून एकदाच. पावसाळ्यात पन्हाळाचं गोडं पाणी त्याच आळ्यांतून वाहू देतो, म्हणजे साचलेलं खाली धुपून जातं. न्हाणीजवळच्या केळीला यंदा दोन घड लागले आहेत.